जोतं बघायला कच्छात

पारावर बसलं की जो तो विचारतो, "काय आबा, कच्छ बघून आलात म्हणं?" एकाला सांगावं तर दुसरा येतो, दुसऱ्याला सांगावं तर पहिला मधेच म्हणतो, "काल तुमी वेगळं सांगितलंत." डोकं फिरतं. म्हणून लिहूनच ठेवतो. ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, आणि पुन्हा विचारू नये. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कोणी काढत बसू नये. बघितलं ते लिहितो.

आधी का गेलो ते सांगतो. माझी नात वैशाली. मुरबाडला दवाखान्यात नर्स आहे. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला, फार बोलत नाय, त्यामुळे घरातला शब्द माझा. आमच्या सिद्धगडाखालच्या गावात पद्धत अशी की मुलगी द्यायची तर आधी घर बघायचं, मुलगा मागून. मुलगा आज असा, उद्या तसा. घर खोटं बोलत नाय. जोतं, म्हणजे घराखालचा चौथरा, दगडाचं आहे का, रस्त्यापेक्षा उंच आहे का, पावसाच्या पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात, हे बघायचं. कळवलं असेल त्याच्या आदल्या दिवशी जायचं, गुपचूप शेजारच्या ओट्यावर बसायचं, लोक काय बोलतात ते ऐकायचं. आणि मन भरेपर्यंत त्या घरचा चहा प्यायचा नाय. चहा प्याला म्हणजे होकार दिला.

अशी दोन स्थळं मी मोडली. एकाच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या दारात पडत होत्या, म्हणजे जन्माचं भांडण. दुसऱ्याचं जोतं रस्त्याच्या खाली गेलेलं, म्हणजे पावसाळ्यात चुलीत पाणी. मी चुकलो नाय. पण पोरगी अठ्ठावीसची झाली आणि घरातले माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काय मीच तिला धरून ठेवलंय.

तिसरं स्थळ भातसानगरच्या माझ्या साडूने आणलं. मुलगा निलेश, मूळ शहापूर तालुक्यातला, पण बाप रामदास कांडला बंदरात नोकरीला, म्हणून सगळं कुटुंब गांधीधामला. मुलगाही बंदरावर क्रेन चालवतो. मी विचारलं, "शहापूरला घर कुठंय?" साडू म्हणाला, "गांधीधामला जाऊनच काय ते बघा." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

निघताना वैशाली म्हणाली, "आजोबा, तुमी हो म्हणाल तर करीन. नाय म्हणाल तर नाय. पण मग पुन्हा स्थळ आणू नका. मला पुरे झालं."

आता याला काय म्हणायचं? मान दिला की मानेवर सुरी ठेवली?

आखलेलं गाव

गाडीचा प्रवास सांगत नाय. बसलो आणि उतरलो. आमची ही खिडकीशी बसून सगळ्यांना नातीचं सांगत होती, आणि मी तिला गप्प बस म्हणत होतो.

गांधीधाम हे गाव आपोआप झालेलं नाय. देश स्वतंत्र झाला तेव्हा कराचीचं बंदर तिकडे गेलं, म्हणून इकडे नवं बंदर केलं, आणि सिंधमधून आलेल्या लोकांसाठी ओसाड जमिनीवर आधी कागदावर गाव आखलं, मग बांधलं. ते बघताक्षणी कळतं. रस्ते सरळसोट, इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर वाराच खाऊन टाकतो. कुठं वळण नाय, वड नाय, वेस नाय. पत्ता विचारला तर आपल्याकडे सांगतात, मारुतीच्या मागे, विहिरीच्या अंगाला. इथे सांगतात सेक्टर अमुक, ब्लॉक तमुक. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, आकडा नको, खूण सांग." तो म्हणाला, "काका, आकडा ही खूण है."

बाजार तर बघा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे गोल खांब, त्यांच्यावर सलग सज्जा, आणि आत दुकानं. सगळी एका उंचीची, एका रुंदीची, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. हिने एका दुकानात चपला बघितल्या, म्हणाली, आत्ता नको, पुढे बघू. पुढे बघून मागे आलो तर ते दुकान सापडेना. तीन रस्ते फिरलो. प्रत्येक वळणावर तोच खांब, तोच सज्जा, तोच दुकानदार असल्यासारखा वाटायचा. ही म्हणाली, "अवो, आपण हललोच नाय का काय?" एक मात्र लिहितो, कारण खोटं लिहिणार नाय. शिमगा नुकताच झालेला, ऊन भाजून काढत होतं, आणि त्या सज्ज्याखालून सगळा बाजार आमी सावलीत फिरलो. मुरबाडच्या बाजारात हे होत नाय. पण सावली मिळते म्हणून माणसाने हरवायचं का?

तिथली दाबेली खाल्ली. पावात बटाटा, त्यात शेंगदाणे, त्यात डाळिंबाचे दाणे, वर शेव. ज्याला एक पदार्थ धड करता आला नाय त्याने चार पदार्थ पावात कोंबले असावेत. हिला आवडली. हिने दोन खाल्ल्या.

जवळ्याची चटणी

उतरलो एका धर्मशाळेत. खोली स्वच्छ होती, मॅनेजर हसरा होता. पण गुजरातेत भात मिळेल न मिळेल म्हणून हिने घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणलेली. डब्याचं झाकण उघडलं तसा मॅनेजर जिन्यावरून नाक वर करून आला.

"काका, ये क्या खोला है?"

"जेवण," मी म्हटलं.

"यहाँ मच्छी नहीं चलेगी, काका."

"ही मच्छी नाय, जवळा आहे. सुका आहे."

तो हात जोडून उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, पण हात जोडणाऱ्याशी कसं भांडायचं? डबा उचलला आणि बाहेर पडलो. बाजारात कुठेही बसावं तर हाच प्रकार. शेवटी म्हटलं, मुलाच्या कॉलनीकडेच जाऊ. नायतरी आदल्या दिवशी शेजारच्या ओट्यावर बसायचंच आहे.

कॉलनीत गेलो, आणि ओटा कुठं? एकाही घराला ओटा नाय. रस्त्यावरून चार पावलं, की भिंत. दारसुद्धा समोर नाय, बाजूला, तोंड लपवून. वर छप्पर सपाट. आमच्याकडे असं छप्पर घातलं तर श्रावणात घरात मासे धरता येतील. ही म्हणाली, "इकडे पाऊस नाय पडत." मी म्हटलं, "पडला तर?"

कॉलनीच्या मधोमध एक सभागृह आहे. त्याच्याविषयी नीट लिहितो, कारण माझं निम्मं रक्त त्यानेच आटवलं. सगळी इमारत सिमेंटच्या खांबांवर उचललेली. शेताची राखण करायला आपण माचा बांधतो ना, तशी. फक्त हा माचा अख्ख्या शाळेएवढा. खाली काही नाय. जोतंच नाय! नुसती फरशी आणि वारा. वरच्या मजल्याला खिडक्यांच्या जागी सिमेंटच्या उभ्या फळ्या, बैलगाडीच्या खुंट्यांसारख्या, आणि त्यात कबुतरं. छप्पर सुपासारखं, दोन्ही कडांना वर उचललेलं. जिना बाहेरून, एका अंगाने अधांतरी. एका भिंतीवर रंगीत फरश्यांच्या तुकड्यांचं चित्र, त्यात जहाज, मिठाचे ढीग आणि माणसं. माणसांना तोंडं नायत. खाऱ्या वाऱ्याने सिमेंटचे पोपडे गेलेले, आतल्या गंजक्या सळ्या बरगड्यांसारख्या दिसतात. मी दार शोधत भोवती फिरलो. ज्याला पुढचं दार समजलो ते जिन्याखालच्या मोरीचं निघालं.

तिथे एक मुलगी कागदावर त्या इमारतीचं चित्र काढत होती. पुण्याची, घरं बांधायच्या कॉलेजातली. आमचं बोलणं ऐकून हसली.

"आजोबा, तुम्ही चित्रात येताय. थोडं सरकता का?"

"मी नाय सरकणार. तू मला काढ. ह्या इमारतीत बघण्यासारखं तेवढंच मिळेल."

ती पोरगी चांगली होती, रागावली नाय. तिने समजावलं की त्या काळी लोकांना वाटलं, नवा देश आहे, तर इमारती राजवाड्यासारख्या नकोत, देवळामशिदीसारख्याही नकोत. कळस नको, घुमट नको. कोणालाही आपली वाटावी अशी जागा हवी, जिथे सगळ्यांनी यावं.

"सगळ्यांनी यायचं," मी म्हटलं, "तर दार कुठंय?"

"दार नाहीच, आजोबा. म्हणून तर खाली सगळं मोकळं ठेवलंय."

यावर मला आणखी राग आला. आमी त्या खांबांखाली सावलीत बसलो आणि डबा उघडला. कोणी हात जोडायला आलं नाय.

म्हातारी

दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "जवळा कोणी आणलाय रे?"

बघतो तर एक म्हातारी. वाकलेली, हातात चहाचा थर्मास आणि पेले, नऊवारी घट्ट खोचलेली. बोलणं आपल्याकडचं. तिने विचारलंसुद्धा नाय, बसली आणि हिच्या डब्यातून चतकोर भाकरी मोडली.

"किती वर्सांनी गो बाय," ती हिला म्हणाली. "हितं ताजी मासळी गावते, पण ही चव नाय. कुठली तुमी?"

"मुरबाडकडची," मी म्हटलं. जास्त सांगितलं नाय. गुपचूप आलो होतो ना.

"आणि हितं काय करतास?"

"सहज. बघायला."

"काय बघतास? मिठाचे ढीग?"

मी म्हटलं, ही शेजारीण असणार, ओट्याचं काम हिच्याकडूनच होईल. हळूच विचारलं, "इथे रामदास म्हणून आपल्याकडचे कोणी राहतात ना? बंदरात आहेत. कसं आहे घर?"

म्हातारीने घास चावला. माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं.

"रामदास ना? गरीब गाय. बायको कामसू हाय. पोरगाबी बरा, दारू नाय, काय नाय. पण त्याची म्हातारी!"

"म्हातारी कशी?"

"वंगाळ. एकदम वंगाळ तोंडाची. नातसून आली ना, फाडून खाईल तिला."

हिला ठसका लागला. मी पाणी दिलं. पुढे म्हातारी त्या म्हातारीबद्दल जे जे बोलली ते मी मनात पक्कं धरून ठेवलं. मग तिने थर्मासमधून चहा ओतला, आलं घातलेला, गोड. उन्हाने जीव गेला होता. ही कोण कुठली, मी कोण कुठला. प्यालो. दुसरा पेलाही घेतला.

घर

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी गेलो. दार उघडलं ते त्याच म्हातारीने.

"या," ती म्हणाली. "मीच ती वंगाळ."

मी हिच्याकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"बोलायला लागली तेव्हाच कळलं," ही म्हणाली. "स्वतःच्या घरचं असल्याशिवाय इतकं कोण बोलतं?"

"मग सांगितलं का नाय?"

"तुमी विचारलं का?"

आत गेलो. दोन खोल्या, स्वच्छ. एक भिंत सिमेंटच्या जाळीची, त्यातून वारा असा वाहत होता जसं काय पंखा लावलाय. रामदास साधा माणूस, खुर्चीच्या काठावर बसलेला. मुलगा निलेश उंच, काळासावळा, पाया पडला. त्याच्या आईने चहा आणला. मी हात आडवा केला. "आत्ता नको. आमच्याकडे रीत आहे."

काशीबाई, म्हणजे ती म्हातारी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रीत मला शिकवतोस? मीपण शापूरची हाय. काल दोन पेले प्यालास, ते कोणाच्या घरचे?"

"ते सरकारी जागेत प्यालो. तुमच्या घरात नाय."

"ते आमचं अंगण हाय! रामदासाचं लगीन तिथं लागलं. ह्या निलेशचं बारसं तिथं. वादळात खाडीचं पाणी घुसलं तवा सगळी कॉलनी पोरंबाळं घेऊन तिथं वर बसली, आणि पाणी खालनं गेलं. तुझ्या ओट्यावर एवढं झालंय कदी?"

"सरकारी ते सरकारी. उद्या साहेबाने कुलूप लावलं तर?"

"लाव म्हणावं! खाली कुलूप लावायला दार कुठंय?"

ही हसली. माझीच बायको, तिकडून हसली. मी म्हटलं, "ते राहू दे. हे घर कोणाचं ते सांगा."

रामदास खाली बघून म्हणाला, "बंदराचं. पुढल्या वर्षी मी रिटायर होतो. मग सोडायचं."

"मग माझ्या पोरीने जायचं कुठं? शहापूरचं तुमचं जोतं दाखवा. मी तिकडे जाऊन बघतो."

काशीबाई बोलली, पण ओरडून नाय.

"जोतं हाय की. काळ्या दगडाचं. माझ्या सासऱ्यानं घातलेलं. भातसाच्या पाण्याखाली हाय. बघायचं असंल तर बुडी मार."

धरण मी बघितलेलं आहे. पाण्याखाली गावं आहेत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत, जसं आकाशात तारे आहेत हे माहीत असतं. पण त्या जोत्याची मालकीण माझ्यासमोर उभी राहून मला बुडी मारायला सांगेल, हे साडूने मला सांगायला हवं होतं. गाव गेलं, मग तिचा नवरा कंत्राटदाराबरोबर इकडे आला, बंदरात चिकटला. आता मुलगा रिटायर होणार, म्हणजे दुसऱ्यांदा घर सोडायचं.

मला राग आला. कोणाचा, ते कळेना, म्हणून मी मोठ्याने बोललो. "आमच्या घरामागे जागा पडलीय. जोतं मी घालून देतो. दगड गावातलाच आहे."

"माझ्या नातवाला घरजावई करतोस?"

"घरजावई कोण म्हणालं? जोतं म्हणालो मी!"

"जोत्यावर काय नुसतं बसायचं? त्यापेक्षा त्याला बांगड्या भर!"

"आये, गप," रामदास म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाय.

तेव्हा निलेश बोलला. "आजोबा, माझं घर नाय. खोटं सांगत नाय. बाजाराच्या मागे भाड्याच्या खोल्या बघून ठेवल्यात, आई-बाबा आणि आजीसकट तिथं राहणार. पुढे जमेल तेव्हा बांधू, कुठं ते ठरलं नाय. वैशालीला मी पहिल्या फोनलाच सांगितलंय."

"काय?"

"पहिल्या फोनला. घर नाय म्हणून."

मी उठलो आणि बाहेर आलो. आता रुसून बसायला माणसाला ओटा लागतो. तोही नाय! भर उन्हात उभं राहून किती रुसणार? शेवटी त्या सभागृहाखालीच जाऊन बसलो आणि वैशालीला फोन लावला.

"तुला माहीत होतं घर नाय ते?"

"हो."

"मग मला इथवर कशाला धाडलंस?"

"घरी सांगितलं असतं तर तुमी एसटीतसुद्धा बसला नसतात, आजोबा."

हे खरं होतं.

"आणि आता मी नाय म्हटलं तर?"

मागे दवाखान्यातली कोणी बाई कुणाला तरी हाक मारत होती.

"तर नाय. मी बोललेय ते बोललेय."

"रडशील."

"रडीन. पण तुमच्यासमोर नाय."

मी वर बघितलं. सिमेंटचं छत, सळ्या दिसतायत, एवढं ओझं त्या बारक्या खांबांवर कोणी ठेवलं कोण जाणे. समोर ती पुण्याची मुलगी अजून चित्र काढत होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"ऐक," मी म्हटलं. "इथे जोतं नाय. उंबरा नाय. ओटा नाय. पुढल्या वर्षी छप्परही नाय. पोरगा खरं बोलतो, एवढं बघितलं. आणि एक म्हातारी आहे, ती तुला फाडून खाईल. मला फाडलं, तू काय चीज. कळलं?"

"कळलं. मग?"

"मग काय? कर."

"कर नाय, आजोबा. हो म्हणा. नंतर म्हणाल, मी कुठं हो बोललो होतो."

बघा, एवढा अविश्वास. ज्या पोरीला खांद्यावर घेऊन मी म्हसेची जत्रा दाखवली, ती ही.

"हो," मी म्हटलं.

"ऐकू नाय आलं. वारा आहे तिकडे."

"हो! हो म्हणतोय!"

फोनवर ती हसत होती का रडत होती ते कळलं नाय, आणि मी विचारलंही नाय. मागे वळलो तर दोन खांबांच्या मधे आमची ही आणि काशीबाई, दोघी पदर सावरून उभ्या. कधीपासून, देव जाणे.

"तुमी इथे काय करताय?"

"साक्षीला उभ्या हाओत," काशीबाई म्हणाली. "उद्या फिरलास तर?"

फिरणारा माणूस मी नाय. सगळा मुरबाड तालुका सांगेल. पण हे त्या दोघींना कोण पटवणार?